बायकांच्या सायकल शर्यतींवर लिहायचंय? मग निकाल खालून वाचा

नोकरी सोडून मुलींच्या सायकलिंगवर लिहायला लागले, त्या पहिल्याच मोसमात मी घोळ घातला. माउंटन बाइकची शर्यत होती. निकालाच्या कागदावर तळाशी एका मुलीच्या नावापुढे लिहिलं होतं '-१ लॅप', म्हणजे एक फेरी कमी. मी बिनधास्त लिहून टाकलं, 'हिने शर्यत अर्धवट सोडली.' दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन. "ताई, मी सोडली नव्हती. मला काढलं."

तिचं बरोबर होतं. माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्रीत, म्हणजे एकाच मार्गावर फेऱ्या मारायच्या शर्यतीत, ८० टक्क्यांचा नियम असतो. आघाडीवरच्या खेळाडूला पहिल्या फेरीला जेवढा वेळ लागला, त्याच्या ८० टक्क्यांइतकं कुणी मागे पडलं, की पंच तिला थांबवतात. म्हणजे आघाडीवालीची फेरी १५ मिनिटांची असेल, तर १२ मिनिटं मागे पडलेली बाहेर. फेरी पूर्ण करून मागून येणाऱ्या आघाडीवाल्यांना अरुंद वाटेवर अडथळा नको, हे कारण. पण तिचा क्रमांक लागतो, कागदावर तिचं नाव राहतं. सोडणारीपुढे 'डीएनएफ' येतं, सुरुवातच न केलेलीपुढे 'डीएनएस'. तीन वेगळ्या गोष्टी, आणि मी त्यांची भेळ केली होती.

तेव्हापासून मी निकाल खालून वर वाचते. जिंकणारीचं नाव सगळेच छापणार. खालच्या पाच नावांत पंक्चर असतं, तुटलेली चेन असते, पहिल्यांदाच घराबाहेर आलेली चौदा वर्षांची पोर असते.

एवढी तयारी घरूनच करा. जागतिक महासंघाची, म्हणजे यूसीआयची, नियमावली फुकट वाचता येते. क्रॉस-कंट्री साधारण दीड तासाची, शॉर्ट ट्रॅक वीसेक मिनिटांचा, डाउनहिलला एकेकटीने घड्याळाविरुद्ध उतरायचं. या तिन्हींना 'डोंगरातली सायकल शर्यत' म्हणून एकाच पोत्यात भरू नका.

शर्यतीच्या दिवशी अंतिम रेषेवर उभं राहायचा मोह आवरा. आदल्या दिवशी मार्ग पायी फिरून घ्या आणि एक वाईट जागा निवडा. सुटी खडी, वर चढ आणि चढ संपता संपता वळण, अशी जागा असेल तर सोन्याहून पिवळं. प्रत्येक फेरीला तिथेच थांबा. माझ्या वहीत अशा ओळी असतात: '१४, निळे मोजे, उतरून ढकलली. २२, बसूनच चढली. ७, मुळावरून घसरली, परत बसली.' मोजे का, तर दुसऱ्या फेरीनंतर हँडलवरच्या नंबराच्या पाटीवर इतका चिखल बसतो की आकडा दिसतच नाही.

या वहीमुळे शर्यतीनंतर विचारायला प्रश्न मिळतो. "कसं वाटतंय?" असं विचारलंत तर "छान वाटतंय, आई-बाबांचे आभार" एवढंच पदरात पडेल. तिला आधी पाणी पिऊ द्या, श्वास बसू द्या. मग विचारा, "पहिल्या दोन फेऱ्यांना त्या खडीवर उतरलीस, तिसऱ्या फेरीला उतरली नाहीस. काय बदललं?" एकीने मला चक्क जमिनीवर काडीने रेघ ओढून दाखवलं. मुळांच्या डावीकडे माती घट्ट होती, पुढचीचं चाक तिथून गेलेलं तिने पाहिलं होतं. माझा अख्खा लेख त्या काडीच्या रेघेवर उभा राहिला.

पुढची आणि मागची यांच्यात किती वेळाचं अंतर आहे, हे सतत टिपत राहा. टोकियो ऑलिम्पिकची महिलांची रोड रेस आठवा. ऑस्ट्रियाची आना किसेनहोफर, पेशाने गणितज्ञ, सुरुवातीलाच पुढे निघून गेली आणि १ मिनिट १५ सेकंदांनी जिंकली. ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंच्या कानात रेडिओ नसतो, त्यामुळे पुढे कोण आहे ते सांगणारं कुणी नसतं. दुसरी आलेल्या अ‍ॅनेमिक फान फ्लूटेनने आपणच जिंकलो समजून हात वर केले. खेळाडूची अशी चूक समजू शकते, वार्ताहराची नाही.

परदेशातल्या शर्यतींवर घरी बसून लिहायचं, तर एजन्सीची बातमी पुन्हा मराठीत सांगू नका. २०२४ च्या महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये, म्हणजे अनेक टप्प्यांच्या शर्यतीत, सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळून काशा नेविआदोमा डेमी फोलरिंगपेक्षा फक्त ४ सेकंदांनी सरस ठरली. ते ४ सेकंद बहुतेकांनी शेवटच्या आल्प द्युएझच्या घाटात शोधले. मला ते पाचव्या टप्प्यात सापडतात. तिथे फोलरिंग पडली आणि तिची पावणेदोन मिनिटं गेली. पुढच्या वर्षी ही शर्यत जिंकली पोलीन फेराँ-प्रेव्होने, म्हणजे पॅरिस ऑलिम्पिकच्या माउंटन बाइक विजेतीने. डोंगरातली बाई रस्त्यावर जिंकते तेव्हा विषय आपणहून दारात येतो.

आता माझी कुरकुर. वर्तमानपत्राच्या डेस्कवरून हमखास मागणी येते, "जरा जिद्दीचं लिहा ना." देबोराह हेरॉल्ड ही आपली ट्रॅकवरची स्प्रिंटर. अंदमान-निकोबार बेटांवर लहानपणी ती २००४ च्या त्सुनामीतून वाचली. तिच्यावरचा जो लेख उघडाल तो लाटेपासून सुरू होतो. ती वेलोड्रोमवर, म्हणजे सायकलच्या बंदिस्त ट्रॅकवर, गिअर कोणता लावते, हे कुणी विचारायचं? 'मुलगी असूनही' हे दोन शब्द माझ्या लेखात दिसले तर खुशाल मानधन कापा, असं मी एका संपादकांना सांगून ठेवलंय. पाळी, सीटमुळे होणारी जखम यावर बोलायला मुली तयार असतात, फक्त आधी परवानगी घ्या आणि शर्यतीशी संबंध असेल तेवढंच लिहा.

पैशांचं थोडक्यात. एका प्रवासातून तीन लेख निघाले नाहीत तर एसटीचं भाडंही सुटत नाही. दैनिकाला चारशे शब्दांची बातमी, पुरवणीला एका खेळाडूचं व्यक्तिचित्र आणि सायकलवेड्यांसाठी मार्ग नि टायर यांवरचा तांत्रिक लेख. तिन्हींचा मजकूर वेगळा असू द्या. शब्दसंख्या, दर आणि लेख छापला नाही तर काय, हे ईमेलवर आधीच लिहून घ्या. मी फोनवरच्या 'बघू आपण'वर विसंबले आणि नऊ महिने थांबले. टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भरायला विसरू नका. आणि दुकानदाराने 'ताई, हे ग्लोव्हज ठेवा' म्हटलं तर ठेवून घेऊ नका. मी घेतले होते. मग त्यांच्याच हेल्मेटवर लिहायची वेळ आली आणि लेख सोडावा लागला.

खेळाडू अठराच्या आतली असेल तर मुलाखतीआधी पालकांशी बोला. सरावाची जागा आणि वेळ मात्र कुणाचीच छापू नका. 'रोज पहाटे साडेपाचला ती वेताळ टेकडीवर एकटीच असते' असं सुरेख वाक्य मी एकदा लिहून बसले होते. पाठवायच्या आधी दुसऱ्यांदा वाचलं आणि खोडलं. आता 'पुण्यातल्या एका टेकडीवर' एवढंच लिहिते, तेही तिला वाचून दाखवून.