साखरपुड्याच्या अंगठीशेजारी हिऱ्यांचा बँड: घासणं कसं थांबवलं

साखरपुड्याच्या अंगठीच्या कडेवर बारीक खाच दिसू लागली, तर कारण बहुधा शेजारचा बँड, म्हणजे ओळीने हिरे बसवलेली पट्टीसारखी अंगठी. हिऱ्याचा कठीणपणा मोह्‌स मापावर (खनिजांचा कठीणपणा मोजणारी 1 ते 10 ची श्रेणी) 10 आणि सोनं त्यापुढे लोण्यासारखं. बँडमधल्या हिऱ्यांच्या उघड्या कडा सोनं खरवडतात, प्राँग (हिरा धरून ठेवणारे धातूचे बारीक दात) झिजवतात. हिऱ्याला हिरा घासला तर कडेचा टवका उडू शकतो. ते नुकसान मला सर्वांत वाईट वाटतं, कारण सोनं पुन्हा भरता येतं, हिरा नाही.

मला पटलेला उपाय म्हणजे दोन्हींच्या मध्ये 1 ते 1.5 मिमी रुंदीची साधी, बिनखड्यांची अंगठी. झीज तिच्यावर जाते आणि ती बदलता येते. मात्र तिची उंची बँडच्या हिऱ्यांच्या कडेपर्यंत पोहोचली पाहिजे, नाहीतर हिरे तिच्यावरून पलीकडे घासतातच. तीन अंगठ्यांची रुंदी वाढते, म्हणून माप तिन्ही एकत्र घालूनच घ्या.

नवा बँड घेणार असाल तर दोन्ही बाजूंनी धातूची भिंत असलेलं चॅनल सेटिंग निवडा. दोन्ही अंगठ्या झाळून जोडल्या तरी घासणं थांबतं, पण मग वेगवेगळ्या घालता येत नाहीत.

दर सहा महिन्यांनी 10 पट भिंगाखाली प्राँग तपासून घ्या.