मर्सेन संख्या मूळ आहे का, हे वहीत कसे तपासावे

मर्सेन संख्या म्हणजे २ चा कुठलाही घात वजा १; २ चा ७ वा घात १२८, त्यातून १ गेला की १२७. ती मूळ आहे का हे बघायला ‘वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघा’ हा सल्ला १२७ साठी चालतो. पण २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या आहे. ती मूळ असल्याचं फ्रेंच गणितज्ञ लुकास यांनी १८७६ साली दाखवलं, ते असं भागत बसून नव्हे. तरी मुलांना अजून हेच एक शिकवतात, याचा मला खरंच राग येतो. सांगलीत विश्रामबागेत रविवारी जमणाऱ्या मुलांकडून मी लुकास–लेमर चाचणीच करून घेतो.

घातांक विषम मूळ संख्या घ्या. आपण ७ घेऊ, म्हणजे संख्या १२७.

४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. फेऱ्या घातांकापेक्षा दोनने कमी, इथे ५. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ.

गाडी अडते ती बाकी काढताना. १२७ ने भागूच नका, १२८ ने भागा आणि भागाकारात बाकी मिळवा. १२८ मध्ये १२७ चा एक गठ्ठा आणि वर एक सुटा. म्हणून जितके १२८, तितके सुटे. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७. त्यात १२८ बसतात ३५ वेळा, उरतात ७. ३५ अधिक ७, बेचाळीस. झालं! संगणकाला तर भागाकारही लागत नाही. द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या, संख्येचे शेवटचे सात अंक तोडून उरलेल्या भागात मिळवले की काम होतं.

आता नीट लक्ष द्या. ओळ अशी येते: ४, १४, ६७, ४२, १११. शेवटच्या फेरीत १२३१९. त्याचे ९६ आणि ३१, बेरीज १२७. पहिल्यांदा मी इथेच थांबलो, ‘शून्य नाही, म्हणजे मूळ नाही’ असं लिहिलं आणि अख्खी संध्याकाळ वर्ग पुन्हा पुन्हा तपासत बसलो. वर्ग सगळे बरोबर होते. १२७ आले म्हणजेच शून्य आले. बेरीज त्याहून मोठी आली तर १२७ वजा करा. प्रत्येक फेरीत हे बघायचंच, मनातल्या मनात नाही, वहीत लिहून.

घातांक ११ घेतला तर संख्या २०४७. तिथे एका फेरीत २३९ अधिक १९२७, म्हणजे २१६६ येतात. २०४७ वजा करून ११९ धरायचे. नवव्या फेरीला १७३६ उरतात, म्हणून ती मूळ नाही. तिचे अवयव २३ आणि ८९, पण ते ही चाचणी सांगत नाही. ते वेगळे शोधावे लागतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येवर शिक्कामोर्तब झालं ते याच चाचणीने. घातांक १३६२७९८४१.

तुम्ही आता १३ घ्या. संख्या ८१९१, भागायचं ८१९२ ने, फेऱ्या ११.