पायाची साल निघतेय? आधी पाणी, मग तेल

जानेवारीत रात्री वाकळ अंगावर ओढली की टाचेच्या भेगेत तिचा दोरा अडकतो आणि माणूस ‘आई गं’ करत उठून बसतो. मराठवाड्यात हे घरोघरचं दुखणं आहे. परभणीकडची कोरडी थंडी, दिवसभर ज्वारीच्या रानात अनवाणी नाहीतर मागून उघड्या चपलेत, त्यात बोअरचं जड पाणी. टाचा फुटणार नाहीत तर काय होईल!

तळपायाला तेलग्रंथी नसतात, तिथं ओलावा येतो तो घामाचाच. आमच्याकडं बरेच जण कोरड्या टाचेवर करडईचं तेल चोळून झोपतात आणि सकाळी म्हणतात, गुण नाही. तेल ओलावा आणत नाही, असलेला अडवून ठेवतं. कोरड्या टाचेत अडवायला असतंच काय?

म्हणून सुरुवात पाण्यानं करा. रात्री जेवणं आटोपली की बादलीत कोमट पाणी घ्या आणि 10 मिनिटं पाय बुडवा. कढत पाणी नको, आणि तासभर भिजवायचंही नाही. त्यानं कातडी आणखी सुकते. अंगाचा साबणही जपूनच लावा. कपडे धुवायच्या वडीनं पाय घासायची सवय मात्र सोडाच.

मऊ पडलेली टाच वजरीनं हलक्या हातानं घासा, आठवड्यातून दोनदा पुरे. सुटलेली साल ओढू नका. ती ओढता ओढता चांगल्या कातडीपर्यंत जाते, रक्त येतं आणि दुसऱ्या दिवशी पाय टेकवत नाही. लोंबणारा तुकडा स्वच्छ कात्रीनं कापावा. ब्लेड लावू नये. भेगेत झटपट चिकटणारा गोंद भरणारेही मी पाहिलेत. ते तर नकोच.

पाय टॉवेलनं टिपा, बोटांच्या मधली जागा नीट कोरडी करा. तळवा जरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, लेप लावा. व्हॅसलीन चालतं, एरंडेल चालतं, करडईचं तेलही आता उपयोगी पडतं. बोटांच्या बेचक्यात मात्र काही लावायचं नाही. वरून सुती मोजे घालून झोपा. नाहीतर निम्मा लेप वाकळच पिते.

कातडी जाड, कडक झाली असेल तर मेडिकलमधून युरियाचं क्रीम आणा. 10 टक्क्यांचं ओलावा धरतं, 20-25 टक्क्यांचं जाड थर मऊ करून सोडवतं. युरिया म्हटलं की आपल्याला खताची गोणी आठवते. गोणीतला युरिया पायाला लावायचा नाही, हे गमतीनं नाही सांगत. उघड्या भेगेवर हे क्रीम झोंबतं. भेग भरेपर्यंत तिथं व्हॅसलीनच बरं.

फरक दोनेक आठवड्यांत दिसतो, पण टाच गुळगुळीत व्हायला महिना तरी लागतो. तोवर रानात जाताना मागून बंद असलेला बूट घाला. उघड्या चपलेत वजनानं टाच बाजूला पसरते आणि भेग पुन्हा उलते.

एक पारख मात्र आधीच करून घ्या. साल एकाच पायाची निघत असेल, खाज असेल, बेचक्यात पांढरट ओलसर चिखल्या असतील किंवा नखं जाड पिवळी पडली असतील, तर तो नुसता कोरडेपणा नसून बहुधा बुरशी आहे. तिथं तेल कामाचं नाही, बुरशीनाशक मलम लागतं आणि साल थांबल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस ते लावावं लागतं. दुकानदार देतो ती स्टेरॉईड मिसळलेली ट्यूब घेऊ नका. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते.

घरात कुणाला शुगर असेल तर त्यांचे पाय भिजवणं-घासणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग पाणी पोळलेलं कळत नाही. त्यांचे तळवे रोज कुणीतरी उजेडात पाहावेत. भेगेतून पू, लाली, सूज दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.