मृगाआधी काजू-आंब्याच्या बागेत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा, चंदगड, भुदरगडच्या डोंगरउतारावर एकदा पाऊस लागला की उघडीप मिळेलच असं नाही. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या बागायतदाराला पावसाळ्यातही फवारणीला सवड सापडते, आपल्याला नाही. म्हणून बागेची कामं मृगाच्या, म्हणजे 7-8 जूनच्या, आत उरकायची. आणि सुरुवात औषधाच्या दुकानातून नव्हे, झाडाच्या बुंध्यापासून करायची.

काजूच्या प्रत्येक झाडाखाली वाकून बघा. पालापाचोळा सारून बुंधा आणि उघड्या पडलेल्या मुळ्या तपासा. बारीक भोकं, त्यातून डिंक आणि भुस्सा येत असेल तर आत खोड पोखरणारी अळी आहे. पानं पिवळी पडेपर्यंत थांबलात तर झाड हातचं गेलंच. पटाशीने पोखरलेली तेवढीच साल काढायची, तारेच्या आकड्याने अळी ओढून मारायची. साल भोवतीने सोलली तर अळीचं उरलेलं काम आपणच पुरं करतो. मेलेलं झाड मुळासकट काढून जाळा. जळणाला होईल म्हणून बांधावर रचलेल्या ओंडक्यांतूनच या अळ्यांचे पुढचे भुंगे निघतात. हे सांगून कोणी ऐकत नाही, तरी सांगतो.

आंब्यावर बांडगूळ असेल तर खालची थोडी फांदी धरून कापा, नुसतं खुडलं की पुन्हा फुटतं. वाळक्या फांद्याही त्याच दिवशी काढा.

या सगळ्या जखमांवर आणि बुंध्यावर बोर्डोपेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावायची: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. फवारणीला हेच प्रमाण 100 लिटर पाण्यात. मोरचूद रात्रभर प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी घमेलं अजिबात नको. चुना वेगळ्या भांड्यात विरवून, थंड करून गाळून घ्या. दोन्ही द्रावणं तिसऱ्या भांड्यात एकदम ओतत ढवळा. मग कोयत्याचं स्वच्छ पातं त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, त्यात कीटकनाशक मिसळायचं नाही.

जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी मुरतं खरं, पण खाली कातळ असेल तिथे साचतं. तिथे उतारावर चर काढून ठेवा.

नवी लागण असेल तर काजूला 7 बाय 7 मीटरवर 60 सेंटिमीटरचे खड्डे आताच शेणखत-मातीने भरून घ्या. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जातींची कलमं परवानाधारक रोपवाटिकेतूनच आणा. लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, सांध्याखालची फूट दिसेल तशी खुडायची. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून अनुदान घ्यायचं असेल तर सातबारा, आठ-अ आणि बँक पासबुकाबरोबर रोपवाटिकेची पावतीही फाईलला लावून ठेवा.