नवा फ्लॅट घेताय? वाढीव कामं आणि करारनाम्यातल्या या चुका टाळा

आमच्या बेडरूममध्ये छताला लागून वायर झाकणारी एक पांढरी केसिंग पट्टी आडवी जाते. एसीचा पॉइंट आम्हाला पलंगासमोर हवा होता, मिळाला खिडकीशेजारी. बुकिंगच्या वेळी सेल्सवाला म्हणाला होता, "सर, पॉइंटचं काय, नंतर कधीही हलवून देऊ." आठ महिन्यांनी साइटवर गेलो तेव्हा सुपरवायझरने बोटाने भिंत वाजवून दाखवली. भिंत विटांची नव्हतीच, काँक्रीटची होती.

पहिली चूक : भिंत कशाची आहे ते न विचारणं

पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये आता मायवान पद्धत वापरतात. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. वायरिंगचे पाइप काँक्रीट पडण्याआधी सळयांना बांधलेले असतात. एकदा ओतलं की भिंतीला खाच पाडता येत नाही, कारण ती भिंत इमारतीचा भार घेते. विटांच्या बांधकामात प्लास्टरपर्यंत वेळ असतो, इथे तुमच्या मजल्याचा स्लॅब पडेपर्यंतच.

म्हणून बुकिंग झालं की आधी इलेक्ट्रिकल लेआउट मागा. एसी, गीझर, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, ओट्यावरचे मिक्सर-ओव्हनचे पॉइंट पेन्सिलने त्यावर खुणा करून द्या आणि पोहोच घ्या. टाइल्सचा रंग वगैरे नंतर बघता येईल.

बाथरूमच्या टाइल्स मात्र बिल्डरकडूनच बदलून घ्या, थोड्या महाग पडल्या तरी. ताबा मिळाल्यावर आपला मिस्त्री लावून जमिनीच्या टाइल्स उखडल्या की खालचं वॉटरप्रूफिंग दुखावतं. रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, कलम 14 प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. पण खालच्या मजल्यावर गळायला लागलं की तो म्हणणार, "तुम्हीच फोडलंय." आणि तेव्हा त्याचं म्हणणं खोडणं अवघड जातं. फर्निचर, फॉल्स सीलिंग, पंखे ही कामं बिल्डरकडून करून घेण्यात मला तरी काही राम दिसत नाही.

दुसरी चूक : वाढीव कामाचा कागद म्हणजेच करार समजणं

वाढीव कामं म्हणजे बिल्डरच्या ठरलेल्या कामाबाहेर आपण सांगितलेले बदल. त्यांची यादी बहुतेक वेळा साध्या कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर येते. त्यात दर, कंपनी, माप, काम कधी पूर्ण होणार आणि न झाल्यास पैसे परत कधी, हे सगळं लिहून सही-शिक्क्यासह घ्या. मूळ टाइल्स नको म्हणालात तर त्यांची किंमत वजा झाली का, तेही बघा. आमच्या पहिल्या कोटेशनमध्ये नव्या टाइल्सचा पूर्ण दर लावला होता, जुन्यांची वजावट शून्य. विचारल्यावर लगेच कमी केली.

ही रक्कम करारमूल्यात घालायची की वेगळी ठेवायची, हाही हिशेब आहे. आत घातली तर त्यावर मुद्रांक शुल्क आणि बांधकाम चालू असलेल्या घराचा जीएसटी लागतो, साधारण 5 टक्के, परवडणाऱ्या घरांना 1. वेगळी ठेवली तर बँक सहसा त्यावर गृहकर्ज देत नाही, पैसे खिशातून जातात.

तिसरी चूक : करारनामा नोंदणीच्या दिवशी वाचणं

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन नंबर पुकारला जात असताना साठ-सत्तर पानं कोण वाचणार? रेराच्या कलम 13 प्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. मसुदा त्याआधीच मागायचा. प्रकल्पाचा मसुदा महारेराच्या (राज्यात हा कायदा राबवणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरही असतो, दोन्ही शेजारी ठेवून फरक बघा.

सगळ्यात आधी परिशिष्ट उघडा. "नामांकित कंपनीच्या फिटिंग्ज" एवढ्यावर भागवू नका. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात ब्रँड किंवा त्याच तोडीचा माल, आणि ब्रँड नसेल तर किमतीची मर्यादा लिहिणं अपेक्षित आहे. मग कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ. तो चौरस मीटरमध्ये असतो, 10.764 ने गुणा. 62.5 चौ. मी. म्हणजे सुमारे 673 चौ. फूट. बाल्कनी त्यात धरत नाहीत, सेल्सवाला मात्र बेरीज करूनच आकडा सांगतो. ताब्याच्या वेळी 3 टक्क्यांपर्यंतचा फरक नमुन्यात चालतो, म्हणजे या घरात 20 चौ. फूट.

ताब्याची तारीख आणि हप्त्यांचे टप्पे तपासा. नमुन्यात प्लिंथपर्यंत (जोतं पूर्ण होईपर्यंत) किमतीच्या एकूण 45 टक्के आणि सगळे स्लॅब होईपर्यंत 70 टक्क्यांची मर्यादा आहे. तुमच्या मसुद्यात प्लिंथलाच 60 दिसले तर तिथेच थांबून विचारा.

सॅम्पल फ्लॅटबद्दल एवढंच : टेप घेऊन जा आणि आधी पलंग मोजा. आम्ही पाहिलेला लांबीला जेमतेम पाच फूट आठ इंचांचा निघाला.