उपग्रहावरच्या एफपीजीएची टेबलावरची तयारी

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांची हिरवाई मोजणारा छोटा उपग्रह नाशिकच्या विद्यार्थ्यांना बनवायचा असेल, तर सर्वांत आधी रेडिओचा वेग कागदावर मांडावा. 2048 बाय 2048 पिक्सेलची, लाल आणि निअर इन्फ्रारेड अशा दोन पट्ट्यांतली, प्रत्येकी 12 बिटची प्रतिमा म्हणजे सुमारे 10 कोटी बिट होतात. सेकंदाला 9600 बिट पाठवणाऱ्या रेडिओला त्यासाठी जवळपास 3 तास लागतात, आणि उपग्रह आपल्या डोक्यावर एका फेरीत जेमतेम 10 मिनिटे असतो. म्हणून हिशेब वरच करून केवळ उत्तर खाली पाठवावे लागते.

हे काम एफपीजीएला, म्हणजे आतली जोडणी पुन्हा पुन्हा बदलता येणाऱ्या चिपला, उत्तम जमते. पिकाचा निर्देशांक, म्हणजे इन्फ्रारेड आणि लाल यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून येणारा हिरवाईचा आकडा, 0.5 पेक्षा जास्त आहे का, हे पाहायला भागाकार लागत नाही. इन्फ्रारेडचे मूल्य लालच्या तिपटीहून अधिक आहे का, एवढेच तपासावे. चिपच्या घड्याळाच्या दर ठोक्याला, म्हणजे दर क्लॉकला, एक पिक्सेल धरला, तर 100 मेगाहर्ट्झवर पूर्ण प्रतिमा 42 मिलिसेकंदांत संपते. 64 बाय 64 पिक्सेलच्या प्रत्येक चौकटीला एक बाइट दिला, तर उत्तर 8192 बिटांचे होते आणि एका सेकंदाच्या आत खाली येते.

खरी कसोटी पुढे आहे. एसरॅमवर, म्हणजे वीज असेपर्यंतच मजकूर टिकवणाऱ्या मेमरीवर, चालणाऱ्या एफपीजीएत सर्किटचा आराखडाच मेमरीत असतो. अंतराळातल्या एखाद्या कणाने त्यातला बिट उलटवला, तर आकडा चुकण्याऐवजी सर्किटच बदलते. 2002 साली गेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या फेडसॅटने आणि 2007 सालच्या अमेरिकेच्या सिबोला उपग्रहाने अशा चिप प्रत्यक्ष कक्षेत चालवून पाहिल्या, म्हणून हा मार्ग आज मळलेला आहे.

उपाय दोन आहेत आणि ते जोडीनेच वापरावेत. एक म्हणजे महत्त्वाचे सर्किट तीनदा मांडून बहुमताने उत्तर घेणे. दुसरा म्हणजे स्क्रबिंग, म्हणजे आराखडा सतत वाचून बिघडलेला भाग मूळ प्रतीवरून पुन्हा लिहिणे. केवळ तिप्पट मांडणीवर विसंबू नये, कारण चुका साचत गेल्या की तीनपैकी दोन प्रती बिघडतात आणि बहुमतच खोटे ठरते. बिट उलटण्याच्या अपेक्षित वेगाच्या किमान दहापट वेगाने स्क्रबिंग चालावे.

येथे आमची एक चूक सांगणे आवश्यक वाटते. पहिल्या प्रयत्नात आम्ही सर्किट तीनदा लिहिले, पण अहवालात वापरलेल्या लॉजिकचा आकडा पूर्वीइतकाच दिसला. सिंथेसिसच्या, म्हणजे लिहिलेल्या कोडचे सर्किट बनवणाऱ्या, सॉफ्टवेअरने दोन प्रती अनावश्यक समजून काढून टाकल्या होत्या. त्या प्रतींना हात लावू नये अशी स्पष्ट सूचना कोडमध्ये द्यावी आणि आकडा खरोखर तिपटीच्या आसपास गेला की नाही, ते डोळ्यांनी पाहावे.

यानंतर मुद्दाम बिघाड घडवावा. आर्टिक्स-7 35टी या परवडणाऱ्या एफपीजीए चिपच्या आराखड्यात सुमारे 1.75 कोटी बिट असतात. एक बिट उलटवायचा, तीच प्रतिमा चालवायची, उत्तर ताडून पाहायचे, बिट दुरुस्त करून पुढच्याकडे जायचे, हे काम रात्रभर आपोआप चालू ठेवावे. ज्या बिटांमुळे उत्तर चुकते, ते बहुधा क्लॉक, रीसेट किंवा मत मोजणाऱ्या भागाशी येऊन ठेपतात; तेथेच पुढची मेहनत घ्यावी.

विद्युतप्रवाह अचानक वाढल्यास पुरवठा तोडणारे सर्किट असावे, आणि पोकळीत हवा नसल्याने बोर्डावरचा पंखा काढून उष्णता तांब्यातून उपग्रहाच्या सांगाड्याकडे न्यावी.

नवा आराखडा खालून पाठवायचा झाल्यास 9600 च्या वेगाने अर्धा तास, म्हणजे किमान तीन-चार फेऱ्या लागतात. तो तुकड्यांनी स्वीकारावा, प्रत्येक तुकडा बिनचूक आला का, हे त्यासोबत पाठवलेल्या पडताळणीच्या बेरजेवरून (चेकसम) तपासावे आणि मूळ प्रत लेखनबंद ठेवून नवा आराखडा वेगळ्या जागी साठवावा. नव्या आराखड्याने ठरलेल्या वेळेत ‘मी ठीक आहे’ असा संकेत दिला नाही, तर वेगळ्या छोट्या मायक्रोकंट्रोलरवरच्या वॉचडॉगने, म्हणजे संकेताची वाट पाहणाऱ्या पहारेकरी टायमरने, मूळ प्रत चढवावी. ही परतीची वाट टेबलावर पाहताना आराखडा चढत असताना मधेच वीज तोडावी, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या क्षणी तोडावी.