बारावीनंतर नर्सिंग: जीएनएम की बीएस्सी?

आमच्या वॉर्डात नातेवाईक म्हणून आलेल्या मुलीही मला हेच विचारतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असेल तर सरळ बीएस्सी नर्सिंग धरा. चार वर्षं लागतात, सीईटी द्यावी लागते, पण पुढे एमएस्सी करून शिकवायलाही जाता येतं. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा आहे. नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग केलं की बीएस्सी पदवी हातात येते, त्यामुळे जीएनएमला कमी लेखू नका.

फी भरण्याआधी कॉलेजला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का ते बघाच. बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नताही बघा. एजंटच्या तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नका. पास झाल्यावर परिषदेकडे नोंदणी, मगच नोकरी.

सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिकेपासून (स्टाफ नर्स) सुरुवात होते, पुढे परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर), अधिसेविका (मेट्रन). मुलांनाही ही वाट खुली आहे.

आणि सलाईनचे थेंब मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ आत्ताच घ्या. ५०० मिलीची सलाईन चार तासांत द्यायची, सेट वीस थेंबांचा (म्हणजे नळीतून वीस थेंब पडले की एक मिली), तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे गणित माझ्या विद्यार्थिनींकडून मी बेडशेजारी उभं राहून करून घेते.